बाद फुग्यांचा बाजा

सोमवार, ३ मार्च

ही वही पोरीने दिली. परवा तिच्या नोकरीच्या गावाला परत निघाली तेव्हा पिशवीतून काढून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "आई, बाबांवर ओरडायच्या आधी ह्यात लिहीत जा. अर्धं ओरडणं कागदावर जाईल." मी म्हटलं, मी चौथी शिकलेली बाई, त्यानंतर पेन धरलं ते सहीपुरतं. म्हणाली, "ओरडायला कुठे शाळा लागली होती?" पोरगी माझीच आहे.

तर लिहिते. चार महिने झाले, हे घरी बसले आहेत. वाद्यांच्या दुकानात एकवीस वर्षं काढली. बिघडलेलं वाद्य यायचं, हे त्याचा सूर लावून परत द्यायचे. एक दिवस मालकाशी काहीतरी बिनसलं आणि हत्यारांची पेटी उचलून घरी आले. काय झालं विचारलं तर म्हणे, "पुरे झालं." एवढंच. एकवीस वर्षांचा हिशेब दोन शब्दांत. सगळ्या गल्लीला मी सांगत आले, आमच्या ह्यांचा कान सोन्याचा, नळ गळतो तो कुठल्या सुरात तेही सांगतील. आता तो सोन्याचा कान दुपारभर उशीवर ठेवलेला असतो.

आज कामावरून आले तर दाराला आतून कडी. पंधरा मिनिटं दार बडवलं. शेजारीण बाहेर आली, वरच्या मजल्यावरचा मास्तर जिन्यात आला, आमचे हे काही आले नाहीत. शेवटी मागच्या खिडकीकडे गेले. बघते तर खुर्चीत बसलेले, माझ्याकडे पाठ, समोर टीव्ही चालू आणि आवाज बंद. माझी सावली टीव्हीवर पडली तेव्हा उठले. मी म्हटलं, आवाज का बंद? म्हणे, "बातम्यांत ऐकण्यासारखं काय असतं?"

पान भरलं. राग काही गेला नाही.

गुरुवार, ६ मार्च

सुटल्यावर तशीच दुकानात गेले. मालकाला म्हटलं, "एकवीस वर्षं माणूस वापरलात आणि असा काढलात? लाज वाटत नाही?" दोन गिऱ्हाइकं होती, त्यांनीही ऐकावं म्हणून जरा चढूनच बोलले. मालक खाली मान घालून काउंटर पुसत राहिला. मग हळूच म्हणाला, "मी नाही काढलं, वहिनी. घरी विचारा." मी म्हटलं, घरी विचारलं म्हणूनच इथे आले. तर म्हणे, "त्यांना जपा."

मोठा आला शहाणा. चोराच्या मनात चांदणं.

घरी येऊन ह्यांना सांगितलं, चांगली खरडपट्टी काढून आले. नुसतं "हं" म्हणाले. हल्ली सगळ्याला हं. भात ठेवू का, हं. दिवा मालवू का, हं. घर पेटलं आहे म्हटलं तरी हं म्हणतील.

रविवार, ९ मार्च

आज हे हसले. तारीख लिहून ठेवते.

मी फुग्यांच्या कारखान्यात छाननीला आहे. काचेचे साचे रबराच्या चिकात बुडून वर येतात, वाळतात, फुगे निघतात आणि आमच्या टेबलावर येतात. आम्ही बायका हवेच्या नळीवर एकेक फुगवून बघतो. भोक, पातळ जागा, तोंडाची कडा न वळलेली, दोन फुगे चिकटून आलेले, असे सगळे बाद. बाद माल भट्टीत जातो. त्यातले मूठभर परवा मी डब्यातून आणले होते, डब्यांची झाकणं घट्ट बसवायला.

आज एक फुगवून तोंड गाठीशिवाय धरलं होतं, तर हातातून निसटायला लागला. दोन्ही बाजूंनी ताणून धरला तशी हवा चिरकत बाहेर आली. हे जवळ बसले होते, फुगा त्यांच्या दंडाला टेकलेला. चमकून त्यांनी फुग्याला हात लावला, दोन्ही तळवे दाबून धरले. म्हणाले, "ताण अजून. आता सोड. आता ताण." मी ताणलं, सोडलं. म्हशीच्या रेडकासारखा आवाज. आणि हे तोंड उघडून हसले, दात दिसेपर्यंत.

त्यानंतर सहा फुगे फुगवायला लावले मला. गाल दुखताहेत.

शुक्रवार, १४ मार्च

घराचं गोदाम झालं आहे. वायरीच्या पांढऱ्या नळ्या, पत्र्याचे डबे, झाडूचे दांडे, आणि सगळ्यांवर माझे बाद फुगे. ह्यांनी काल एक वाद्य केलं. जाड नळीच्या आत बारीक नळी, दोन्हींच्या तोंडावर फुग्याचं कातडं ताणून दोऱ्याने बांधलेलं, जाड नळीला बाजूला भोक पाडून पेनाचं टोपण बसवलं. टोपणातून फुंकलं की कातडं थरथरतं आणि आवाज येतो. काय आवाज! शेजारणीला वाटलं आमच्याकडे बोट लागली. बारीक नळीला बोटांची भोकं पाडली की सूर निघतात.

भोकं कुठे पाडायची ते फूटपट्टीने मोजून वहीत आकडे मांडून ठरवतात. आधी कधी पट्टी लागत नव्हती. दुकानात फुंकायचे, ऐकायचे, कानस मारायचे, झालं. मी म्हटलं, "सोन्याचा कान काय गहाण टाकलात?" ह्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. कामात गुंग झाले की असेच.

एक मोठा पांढरा फुगा त्यांनी बाजूला काढला आहे. एका अंगाला कागदासारखा पातळ, म्हणून बाद झालेला. तो टणक फुगवून मांडीवर घेतात, दोन्ही हात त्याच्यावर, कधी गालही टेकवतात, आणि मला म्हणतात, फुंक. मी नळीत फुंकते. मग नळीचं कातडं जरा ओढतात, पुन्हा म्हणतात फुंक. मला वाटतं, नुसती मजा म्हणून धरतात. पन्नाशी उलटली माणसाची.

शनिवार, २२ मार्च

एक गोष्ट लिहू की नको करत होते. लिहिते, कोण वाचतंय.

हल्ली मी बोलायला लागले की हे माझ्या तोंडाकडे टक लावून बघतात. डोळे हलवत नाहीत. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, एवढं कधी बघितलं नव्हतं. मी भाजी चिरताना पाठमोरी बोलले तर उठून माझ्यासमोर येऊन उभे राहतात. काल मी म्हटलं, "काय बघताय? म्हातारी झाले मी." म्हणाले, "बोलत राहा." मला कसंतरीच झालं. कांदा निमित्ताला होता म्हणून बरं.

पोरीचा फोन आला. ह्यांना द्यायला गेले तर हाताने नको म्हणाले. तीन महिन्यांत पोरीशी फोनवर एक शब्द नाही. तिला म्हटलं, बाबा कामात आहेत. ती म्हणाली, "आई, बाबांना एकदा डॉक्टरकडे ने." मी म्हटलं, त्यांना काही झालेलं नाही, उलट आता कुठे माणसात येताहेत. तू तुझं बघ.

शनिवार, २९ मार्च

टेबलावरच्या बायकांनी हट्ट केला, आम्हाला दाखव. म्हणून नळी डब्यात घालून नेली आणि जेवणाच्या सुट्टीत वाजवली. आमच्यातली हसरी, जिला कशालाही हसू येतं, ती बाकावरून खाली पडली. काकू, म्हणजे आमच्यात सगळ्यात मोठ्या, त्यांनी हिसकावून घेतली आणि फुंकली. तेवढ्यात सुपरवायझर बाई दारात.

मला वाटलं गेली नोकरी. बाद माल घरी नेला म्हणून. पण बाईंनी नळी उलटी सुलटी करून बघितली आणि विचारलं, कोणी केली? मी म्हटलं, "आमच्या ह्यांनी. सूर लावणं हाच धंदा त्यांचा. एकवीस वर्षं केलाय. कान सोन्याचा आहे."

बाई म्हणाल्या, कारखान्याला पुढच्या महिन्यात पंचवीस वर्षं होतात, कार्यक्रम आहे. तुम्ही बायका हे वाजवाल का? मोठे साहेब येणार आहेत. त्यांच्या डोक्यात आहे की नुसते फुगे विकण्यापेक्षा मुलांसाठी असली वाद्यं करून डब्यात घालून विकावी. त्यासाठी सूर तपासणारा माणूस लागेल. आधी ऐकू दे त्यांना.

सूर तपासणारा माणूस! मी पळतच घरी आले. ह्यांना समोर बसवून सांगितलं. पुन्हा कानाचं काम, पुन्हा डबा घेऊन बाहेर पडणं. मला वाटलं उडी मारतील. बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले. म्हणाले, "साहेबांना सांग, वाद्यं करून देईन. तपासायला दुसरं कोणी बघा."

मी म्हटलं, "दुसरं कोणी कशाला? तुमच्याएवढा कान आहे कुणाला?"

उठून मोरीत गेले हात धुवायला. हात स्वच्छच होते.

रविवार, ६ एप्रिल

आजपासून तालीम आमच्या खोलीत. पाचजणी आल्या, मला धरून सहा. चौघींना नळ्या, हसरीला ताणलेल्या रबरी पट्ट्यांची पेटी, बोटाने छेडायची, मला पत्र्याचा डबा, त्यावर फुग्याचं कातडं, हाताने वाजवायचा. ह्यांचं वाद्य सगळ्यात मोठं. झाडूच्या दांड्याला एक जाड तार, ती फुगलेल्या मोठ्या फुग्यावरून गेलेली. ओढली की जमीन घुमते. आणि गळ्यात एक नळी.

चाल ह्यांचीच. हे एक ओळ वाजवतात, थांबतात, बायका उत्तर देतात. मग पुन्हा हे. दोन माणसं अंगणाच्या दोन टोकांवरून बोलतात तशी.

पहिला तास नुसता गोंधळ. काकू म्हणाल्या, "आम्ही वाजवतोय का रडतोय?" हसरी पेटीवर आडवी. हे मात्र त्यांच्या पांढऱ्या फुग्याला मिठी मारून भिंतीला टेकून बसलेले, डोळे मिटलेले. एकेकीला वाजवायला लावायचे, फुगा तिच्या नळीजवळ न्यायचे. "तुमची जरा खाली आहे, काकू," म्हणाले आणि कातडं ओढलं. काकू नंतर मला म्हणतात, "तुझा नवरा फार जीव लावून ऐकतो गं. फुगा धरून ऐकतो, मूल धरल्यासारखा." मी म्हटलं, त्यांची तऱ्हाच तशी.

गुरुवार, १७ एप्रिल

जमायला लागलं. मला त्यातलं काही कळत नाही, पण बायकांची तोंडं बघून कळतं. कालपासून वाजवताना कोणी हसत नाही, सगळ्या एकदम श्वास घेतात.

ह्यांची भूक वाढली. दाढी रोज करतात. मी दोनदा ओरडायचं विसरले.

एकच गोष्ट खटकते. तो पांढरा फुगा. आतापर्यंत सात झाले असतील, फुटला की लगेच दुसरा हवा, आणि तोसुद्धा पातळ अंगाचाच. मी टेबलावरून शोधून आणते. काल हसरीने माझ्या कानात विचारलं, "भाऊजी कार्यक्रमातही तो घेऊन बसणार?" आणि तोंड दाबून हसली. मला ते लागलं. समोर मोठे साहेब, दोनशे माणसं, आणि हे गाल टेकवून बसणार. कोण म्हणेल हा सूर तपासणारा माणूस आहे? म्हणतील खुळा आहे.

त्यांना म्हटलं, "त्या दिवशी फुगा नको हं." "हं," म्हणाले. मला वाटलं कबूल.

शनिवार, २६ एप्रिल

लिहायला हात उठत नाही. पण कोणाला सांगू?

कार्यक्रम पाच वाजता. माल भरायचा मोठा हॉल रिकामा केला होता, पुढे फळ्यांचं व्यासपीठ. आम्ही मागे खोक्यांच्या आडोशाला तयार. बघते तर हे तो पांढरा फुगा घेऊन आलेले. इस्त्रीचा शर्ट, तेल लावून केस, आणि काखेत फुगा. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "नको म्हटलं होतं ना? लहान पोर आहात का? द्या इकडे." त्यांनी दिला नाही. म्हणाले, "राहू दे. मला लागतो."

"कशाला लागतो?"

त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. तेवढ्यात पुढून आमचं नाव पुकारलं. मी पदराची टाचणी काढली आणि फोडला.

फट्ट आवाज झाला. हसरी दचकली, काकू दचकल्या. हे दचकले नाहीत. हातातल्या रबराच्या चिंधीकडे बघत उभे राहिले. मग माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर मला परवडलं असतं. मी त्यांना पाठीत ढोसलं आणि म्हटलं, चला, साहेब थांबलेत.

सुरुवात नीट झाली. हे बायकांच्या बोटांकडे बघत वाजवत होते. एक ओळ ह्यांची, एक बायकांची. लोक पुढे सरकून बसले. मग ह्यांनी सवयीने डोळे मिटले.

चौथ्या की पाचव्या ओळीला काकूंच्या नळीचं कातडं फाटलं. फाडकन. काकू घाबरून थांबल्या, हसरीला हसू फुटलं, एकीचं बघून दुसरी थांबली, मीपण डब्यावरून हात काढला. हे थांबले नाहीत. डोळे मिटून त्यांची ओळ वाजवली. मग थांबले, बायकांचं उत्तर यायचं तेवढा वेळ. हॉलमध्ये टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता, आणि हे मान हलवत होते, उत्तर ऐकत असल्यासारखी. मग पुढची ओळ. मग पुन्हा जागा सोडली. पुन्हा मान हलवली, जरा हसलेसुद्धा, काकूंचं उत्तर चांगलं जमल्यासारखे.

लोक हसायला लागले. आधी मागचे, मग सगळे. त्यांना वाटलं गंमत चालली आहे.

मी हाक मारली, "अहो!" माझा आवाज यंत्रं चालू असताना फाटकापर्यंत जातो, सगळा कारखाना म्हणतो. "अहो, थांबा! अहो!" तीन हातांवर होते माझ्यापासून. मान हलवत होते.

तेव्हा मला कळलं. दाराची कडी, टीव्ही, पोरीचा फोन, हं, माझ्या तोंडाकडे बघणं, सगळं एकदम अंगावर आलं. आणि तो फुगा. त्या फुग्यातून हाताला लागायचं त्यांच्या, कोण वाजवतंय, कधी वाजवतंय. तो मी टाचणीने फोडला.

उठून खांद्यावर हात ठेवला. त्यांनी डोळे उघडले. पुढे लोक हसताना दिसले, बायका वाद्यं खाली ठेवून बसलेल्या दिसल्या. नळी हळूच गळ्यातून काढली, फळीवर ठेवली, आणि पायऱ्या उतरून गेले.

रविवार, २७ एप्रिल

दिवसभर दोघांनी काही खाल्लं नाही. संध्याकाळी मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. म्हटलं, "कधीपासून?"

"दोन वर्षं. आधी बारीक सूर गेले, मग माणसं. दुकानात एक वाद्य बेसूर लावून दिलं मी. गिऱ्हाईक परत घेऊन आलं. मालक म्हणाला, राहू दे, होतं असं. मग तिसऱ्यांदा झालं तेव्हा मीच निघालो. त्याला म्हटलं, घरी सांगू नको."

"मला का नाही सांगितलंत?"

म्हणाले, "तू सगळ्यांना सांगत होतीस ना. सोन्याचा कान."

मी नुसतं "हं" म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा.

सोमवार, ५ मे

पोरगी रजा काढून आली, कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाला आतली नस सुकली आहे, ती परत येत नाही. यंत्र लावून आवाज येईल, थोडे शब्द कळतील, पण गाणं-बजावणं विसरा. विसरा म्हणाला, चष्मा घरी विसरावा तसं.

यंत्र लावून बघितलं. मी म्हटलं, "ऐकू येतंय का?" म्हणाले, "येतंय. पत्रा ओढल्यासारखं." पोरगी हसली आणि मग बाहेर जाऊन रडली. यंत्र कपाटात आहे.

मी तेव्हापासून त्यांच्याशी हळू बोलते, एकेक शब्द सुटा करून. आज वैतागले. "तू आजाऱ्याशी बोलल्यासारखी बोलू नकोस. ओरड. ओरडतेस तेव्हा तोंड नीट उघडतं, सगळं कळतं."

बघा म्हणजे. सत्तावीस वर्षं ज्यासाठी बोलणी खाल्ली, तेच आता हवंय.

सुपरवायझर बाई म्हणाल्या, साहेबांनी वाद्यांचा बेत पुढे ढकलला. मी विचारलं नव्हतं.

मी आज टेबलावर सात पातळ फुगे शोधले. पांढरे, चांगले मोठे. घरी आणून ह्यांच्या समोर ठेवले. त्यांनी एक हातात घेतला, ताणून उजेडात धरला, आणि परत ढिगात टाकला. म्हणाले, "नको. त्यातून गाणं येत नाही, नुसती थरथर येते. बाकीचं मी मनाने भरत होतो. त्या दिवशी कळलं, मनाने किती भरत होतो ते."

नळ्या, डबे, दांडे, सगळं त्यांनी स्वतः सोडवलं. कातडी काढली, दोरे गुंडाळून ठेवले. मी मदत केली नाही. मोडायला मला नेहमीच चांगलं जमतं, म्हणून मुद्दाम केली नाही.

रविवार, ११ मे

आज दुपारी मी तांदूळ निवडत होते. हे समोर येऊन बसले. दोन आठवड्यांत त्या दिवशीच्या वाजवण्याबद्दल त्यांनी काही विचारलं नव्हतं. एकदम म्हणाले, "त्या दिवशी कसं वाजलं?"

"कातडं फाटलं तेव्हा?"

"त्याच्या आधी. पहिल्या चार ओळी. सगळ्या मिळून. कसं वाजलं?"

"छान."

"छान म्हणजे काय? दुसरी ओळ वर चढते तिथे काकू खाली राहत होत्या का? आणि शेवटचा सूर, सगळ्यांचा एक झाला की फाटला? माझ्या हाताखाली काही नव्हतं. एवढं एकच सांग. एकच झाला का?"

तांदळात हात तसाच राहिला. त्यांना खोटं सांगायला गेले तर तोंडावरून कळलं असतं. आणि खरं मला माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "मला नाही कळत हो."

"काय?"

मी मोठ्याने म्हटलं, तोंड उघडून. "मला सूर कळत नाही! कधीच कळला नाही! तुम्ही वाजवायचा आणि मी मान हलवायची. सत्तावीस वर्षं नुसती मान हलवली!"

शेजारणीने खिडकी उघडली असणार. उघडू दे.

हे माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता उठून जातील. म्हणाले, "माहीत आहे. तू नेहमी चुकीच्या जागी हलवायचीस."

काय बोलायचं अशा माणसाला? घरात चार कान, आणि ते वाजलेलं एकातही राहिलं नाही. काकूंना विचारावं तर काकू म्हणतात, मी घाबरले होते, मला काही आठवत नाही. हसरीला विचारणं म्हणजे झालंच. पोरगी तिथे नव्हती. त्यांची चाल एकदाच धड वाजली आणि ऐकली ती दोनशे परक्या माणसांनी. त्यांतले निम्मे आता फक्त हसल्याचं सांगतात.

मग ह्यांनी विचारलं, "ऐकू आलं नाही तर नाही. दिसलं काय ते सांग."

दिसलेलं मला चांगलं सांगता येतं. सांगितलं. काकूंचे गाल कसे तांबडे झाले होते. आमच्यातल्या लांब वेणीवालीने डोळे कसे मोठे केले होते. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पोरांना गप्प केलं ते. मोठे साहेब खुर्चीत मागे टेकून बसले होते, एक पाय दुसऱ्यावर टाकून, आणि वरचा पाय हलत होता.

"हलत होता?" हे पुढे सरकले. "कसा?"

"असा." मी पाय हलवून दाखवला.

"नीट दाखव. माझ्या गुडघ्यावर दाखव."

मी तांदळाचं ताट बाजूला ठेवलं आणि त्यांच्या गुडघ्यावर बोटं आपटली, साहेबांचा पाय हलत होता तशी. एक, दोन, एक, दोन. त्यांनी डोळे मिटले.

"मध्ये थांबला का कुठे?"

मी डाव्या हाताने त्यांच्या हनुवटीला धरलं, डोळे उघडायला लावले, आणि म्हटलं, "नाही."

"शेवटपर्यंत एकसारखा?"

"एकसारखा."

"मग ठीक वाजलं," म्हणाले. "तुझी बोटं चालत राहू दे जरा."

चालू ठेवली. हात दुखेपर्यंत ठेवली. साहेबांचा पाय हलत होता हे खरं आहे. ते सारखं घड्याळाकडे बघत होते, तेही खरं आहे. ते मी सांगितलं नाही.